दुसऱ्याच्या हातच्या पोळ्या

काकूंनी जिन्यातूनच सांगितलं, पार्सल मागवायचं तर मागवा, पण ते फाटकाच्या आत येणार नाही.

मी "बरं" म्हटलं. त्या संध्याकाळी मला कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी बरंच म्हटलं असतं.

काकू म्हणजे अकोल्यातल्या माझ्या घरमालकीणबाई. वरच्या मजल्यावर त्या आणि काका, खाली दोन खोल्यांत मी. माझं स्वतःचं घर अमरावतीला. तिथं नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. बँकेनं अकोल्याला बदली दिली तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. दोन तासांचा रस्ता. शनिवारी जायचं, सोमवारी पहाटे परतायचं, असं पुष्कळ जण करतात. पुढे कोरोना आला आणि तोच दोन तासांचा रस्ता कधी बंद, कधी पास काढून उघडा, असा झाला. उघडा असला तरी मी जायला कचरायची. दिवसभर काउंटरवर गर्दीच्या तोंडासमोर बसणारी बाई दम्याच्या सासूबाईंशेजारी जाऊन कशी बसणार? मग घर फोनवरच चालायचं.

मी सांगतेय ते दुसऱ्या वर्षाचं. पहिल्या वर्षी माणसांच्या अंगात एक हुशारी होती. भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, दुधाची पिशवी साबणानं धुवायची, हे सगळं मी न चुकता केलं. दुसऱ्या वर्षी बाकी महाराष्ट्राच्या आधी आमच्या अमरावती-अकोल्याला टाळं लागलं, तोवर ती हुशारी संपली होती. बँक मात्र चालूच. काउंटरला प्लॅस्टिकचा पडदा लावलेला, त्याला खाली एक खाच. पेन्शनचे म्हातारे बोलायचं म्हटलं की आधी मास्क हनुवटीवर ओढायचे.

"आजोबा, मास्क वर घ्या."

"घेतो ना बाई. पन तुमाले ऐकू तं येऊ द्या."

निम्मा स्टाफ आजारी, उरलेल्यांवर सगळं. घरी आलं की आधी आंघोळ, मग अंगावरचे कपडे धुणं, मग स्वयंपाक. तोही एकटीचा. एकटीच्या स्वयंपाकाला भांडी मात्र चौघांइतकीच पडतात.

त्या संध्याकाळी मी कुकर लावला आणि ओट्याजवळच्या खुर्चीत जरा टेकले. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती वासानं आणि वरून आलेल्या हाकेनं.

"मॅडम! ओ मॅडम! काय जयलं वो?"

कुकरात पाणी घालायचंच राहिलं होतं. तळ काळाठिक्कर झाला होता, झाकणावरचा व्हॉल्व्ह वितळून गेला होता आणि डाळीचा कोळसा झाला होता. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि खाली फरशीवर बसून राहिले. रडू वगैरे आलं नाही. फक्त उठून पुन्हा डाळ धुवायचं अंगात त्राण नव्हतं.

काकू जिन्याच्या अर्ध्यापर्यंत उतरून आल्या, पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. मी दारातून म्हटलं, "काकू, मी उद्यापासून बाहेरून मागवणार आहे. माझ्याच्यानं होत नाही."

"बाहेरून? या दिवसात?" त्या एक पायरी मागे सरकल्या. "बाप्पा! कोन बनवते, कोन बांधते, कोठून येते, काय भरोसा? यायच्या छातीत स्प्रिंग बसवेल हाये मॅडम. साखर हाये. मी घरात भाजीवाल्याले येऊ देत नाई."

'यायच्या' म्हणजे काकांच्या. काका कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, मवाळ गृहस्थ. हृदयात स्टेंट टाकलेला. काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं करीन, पण मला जेवायला मिळू द्या. तेव्हा त्यांनी ती फाटकाची अट घातली आणि वर गेल्या.

बँकेपासून जवळच एक खानावळ होती. आधी कधी तरी दुपारी तिथं शेवभाजी खाल्लेली. मागवण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहून यावं म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. दाराला आडवी दोरी बांधलेली. आत टेबलांवर खुर्च्या उलट्या रचलेल्या. मालक, पन्नाशीचा, जाडसर माणूस, दोरीच्या आत उभा राहून पुडे बांधत होता. मागे भट्टीपाशी त्याची बायको पोळ्या लाटत होती. दोघांचेही मास्क नाकाखाली.

मी म्हटलं, "भाऊ, मास्क नाकावर घ्या ना. लोक खाणार आहेत ते."

तो वैतागला. "मॅडम, एक दिवस भट्टीपाशी तोंड बांधून उभ्या राहून पाहा. पोरं सारे गावाले पळून गेले. दोघं जन करून राहिलो." पण त्यानं मास्क वर घेतला, आणि बायकोकडे वळून तिलाही खूण केली.

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं असं नवरा नंतर फोनवर म्हणाला. त्याचं बरोबरच असेल. पण मी उभी राहिले, आणि घरून ठरवून नेलेलं सगळं सांगितलं: जे असेल ते उकळतं भरायचं. कांदा-लिंबू नको, काकडी नको. वरून सांबार टाकायचा नाही. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तो कच्चाच पडतो.

"बिगर सांबाराची भाजी?" त्याला मास्कचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. "चव काय लागन तिले?"

"न लागू दे."

"तुमची मर्जी," म्हणाला. पैसे फोनवरून द्यायचे, आणि दुकान बंद करून घरी जाताना तो स्वतः स्कूटरवरून पार्सल माझ्या फाटकाला अडकवून जाणार, असं ठरलं.

मग रोजचा एक खेळ सुरू झाला. संध्याकाळी फाटकाबाहेर स्कूटरचा हॉर्न वाजे. वरच्या गॅलरीत काकू येऊन उभ्या राहत. मी दोन पातेली आणि एक ताट घेऊन फाटकाशी जाई. पिशवीची गाठ सोडायची, डब्यातली भाजी वरूनच माझ्या पातेल्यात ओतायची, पोळ्यांचा कागद उलगडून पोळ्या ताटात पडू द्यायच्या. रिकामे डबे आणि पिशवी बाहेरच्या बादलीत. मग हात धुवायचे, भाजी पुन्हा खदखदेपर्यंत उकळायची, पोळ्या थेट जाळावर शेकायच्या.

"चमचा नोका लावू डब्याले!" वरून आवाज येई. "तोच चमचा मंग घरात नेता तुमी."

"नाही लावला, काकू."

"गाठ सोडली तो हात कोठी लावला आता? कडीले लावला ना?"

लावलेला असे. मग कडी पुसायची. या सगळ्यात पोळ्या पापडासारख्या कडक होत आणि भाजी दोनदा शिजून तिचा लगदा होई. मी ते निमूट खात असे. चवीचं माझं काही म्हणणं नव्हतं. लाटणं हातात घ्यावं लागत नव्हतं, एवढंच पुष्कळ होतं.

एकदा हॉर्न वाजला तेव्हा मी मुलीशी फोनवर बोलत होते, जायला उशीर झाला. गल्लीतल्या गाईनं फाटकाला लटकलेली पिशवी ओढून खाली पाडली आणि पोळ्या कागदासकट खाल्ल्या. काकू वरून ओरडत होत्या, हाड-हाड करत होत्या, पण खाली उतरून पिशवीला हात लावायची काही त्यांची तयारी नव्हती. मी पोचले तेव्हा रस्त्यावर वांग्याचा रस्सा सांडलेला आणि गाय शांतपणे जिभेनं नाक पुसत होती. त्या दिवशी मी बिस्किटं खाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी काकांनी फाटकाच्या खांबाला उंचावर एक खिळा ठोकून दिला. ठोकताना माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "वांग्याचा वास भल्ला आला होता काल."

उन्हाळा वाढत गेला. इतक्या उन्हात विषाणू टिकत नाही, अकोल्याच्या उन्हात काहीच टिकत नाही, असं लोक म्हणत. बँकेतली एकेक खुर्ची रिकामी होत होती. अमरावतीहून नवरा फोनवर खिचडीचं वर्णन करी, कालची, आजची, आणि उद्याचीही. मी ऐकता ऐकता मध्येच गप्प होई. "आहेस ना?" तो विचारी. "आहे," मी म्हणे. यापलीकडे आम्हा दोघांजवळ बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

एका सकाळी वरून कोणाचाच आवाज आला नाही. भांड्यांचा नाही, काकूंच्या चपलांचा नाही. बँकेत निघताना मी हाक मारली तर खिडकीतून काका म्हणाले, "दोघायलेही ताप हाये. वर नोका येऊ."

तपासणी झाली. दोघंही पॉझिटिव्ह. महापालिकेची माणसं फाटकावर कागद चिकटवून गेली. त्यांचा मुलगा हैदराबादला, त्याच्या घरीही तेच चाललेलं. संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज घोगरा झाला होता.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या त्या डब्यातून तं नाई आलं?"

मी काउंटरवर दिवस काढून नुकतीच आले होते. राग यायला हवा होता. आला नाही. राग यायलाही थोडी ताकद लागते. मी म्हटलं, "काकू, मी तपासून घेते." घेतलं. माझी निगेटिव्ह आली. त्यांना कळवलं तर "बरं हाये" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, दबक्या आवाजात. "आमी दोघं मागच्या आठवड्यात दर्यापूरले गेलतो. तिच्या भाचीचा साखरपुडा होता. घरातल्या घरातच, पन माणसं भल्ली होती. जेवाले पंगत होती. तिले नोका सांगू मी सांगतलं म्हणून." मला आठवलं, तो रविवार होता. मी अंगणातल्या नळावर कपडे धूत होते आणि काकू जरीची साडी नेसून, मास्क लावून जीपमध्ये बसल्या होत्या. डॉक्टरकडे चाललो, म्हणाल्या होत्या.

आता त्यांच्या जेवणाचं काय? काकूंनी सांगितलं, आमी मुरमुरे खाऊन राहू, घरात लोणचं हाये. मी ऐकलं नाही. पण मी स्वतः रांधून घालीन असं माझ्या तोंडून निघालं नाही. मनात आलं होतं, पण मी ओट्याकडे पाहिलं. मी खानावळीला फोन लावला आणि तिघांचं सांगितलं: वरण पातळ, भात मऊ, तिखट नको.

मालकानं विचारलं, "कोनाचं वाढलं?"

मी खरं ते सांगितलं.

"मंग मी घरापर्यंत नाई येनार मॅडम. माझी माय म्हातारी हाये. चौकात आनून ठेवतो, तुमी तेथून घेऊन जा. वाईट नोका वाटू देऊ."

मला काही वाईट वाटलं नाही. आता मी रोज चौकापर्यंत चालत जाऊ लागले. तिथं एका बंद पानठेल्याची फळी होती. तो पिशवी फळीवर ठेवून स्कूटरपाशी मागे सरकून उभा राही. मी पिशवी उचलली की ओरडून सांगे, "वरनाचं पानी येगळं देलं, साहेबायले पाजा!" किंवा "आज आलूच हाये, दुसरं काही भेटलं नाई!" कधीकधी मागितलेलं नसताना मठ्ठ्याची बाटली असे. बिगर सांबाराची.

घरी आल्यावर तोच खेळ, आता तीन माणसांचा. ओतणं, उकळणं, शेकणं. मग जिन्याच्या वळणावर एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर झाकलेली भांडी ठेवायची, दारावरची घंटा वाजवायची आणि खाली येऊन उभं राहायचं. दार उघडे, काकू भांडी आत घेत. मग फोन.

"मीठ कमी हाये वरनात."

"काकू, तुम्हाला चव लागतेय?"

"चव कोठची लागते? पन कमी असनच. हॉटेलवाल्यायले हात असते का मिठाचा?"

मला त्या काळात हसू फुटलं ते तेवढंच.

काकांना धाप लागायला लागली. बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा खाली जाऊ लागला तशी अॅम्ब्युलन्स बोलावली. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. काकूंना बरोबर जाता आलं नाही. त्या गॅलरीत उभ्या होत्या, कठडा धरून. काकांनी गाडीत बसताना वर पाहिलं, हात हलवला नाही, नुसतं पाहिलं. गाडी गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "त्यायचा चष्मा राह्यला." आणि आत गेल्या. चष्मा मी त्या दिवशीच दवाखान्याच्या दारात एका नर्सकडे देऊन आले. तो त्यांना मिळाला की नाही, तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवसापासून वरची भांडी जशीच्या तशी परत येऊ लागली. घंटा वाजवली की दार उघडे, भांडी आत जात, पण दुसऱ्या दिवशी पाहावं तर भात तसाच, वरणावर साय धरलेली. मग एका संध्याकाळी मी माझं ताटही घेऊन जिन्यात गेले. स्टूल वर त्यांच्या दारापाशी ठेवलं आणि मी खाली सगळ्यात शेवटच्या पायरीवर मास्क लावून बसले.

"काकू, दार थोडं उघडा. तुम्ही आत बसा, मी खाली बसले आहे. तुम्ही खाल्ल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"कावून तरास घेता? तुमी बँकेतून येऊन राहिल्या. जेवून झोपा."

"झोपेन ना. खाऊन घ्या आधी."

दार वीतभर उघडलं. भांडं आत गेलं. खाली कुलरची घरघर तेवढी. मग पोळी तोडल्याचा कुरकुरीत आवाज आला. कडक झाल्या होत्या पोळ्या.

"जाड हायेत पोया," आतून आवाज आला.

"हो, जाडच असतात त्यांच्या."

"मी आयुष्यात अशा जाड पोया नाई केल्या कोनाले." मग म्हणाल्या, "पन मॅडम, दुसऱ्यानं करून देल्या हायेत. लग्न झाल्यापासून मी बाळंतपनातच काय ते बसून खाल्लं. दोन दिवस माहेरी गेली तरी माय म्हणे, तुझ्या हातचं करून घाल. यायले ताप आला, मी केलं. मले ताप आला, मीच केलं. आत्ताही उठून करीन म्हटलं होतं, पन उभंच राहवत नाई. त्यायच्यासाठी करावं म्हटलं तं ते इथं नाईत."

मी म्हटलं, "वरणही घ्या."

"घेतो," म्हणाल्या. आणि खाल्लं. सगळं नाही, पण खाल्लं. मी माझं ताट तिथंच, पायरीवर, मास्क खाली करून, त्यांच्याकडे पाठ करून संपवलं. नंतर रोज असंच जेवलो. बोलणं फार होत नसे. त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

काका परत आले. बऱ्याच दिवसांनी, अर्धे होऊन, पण आले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. ऑक्सिजनचं मशीन काही आठवडे घरात घरघरत राहिलं. मुलगा हैदराबादहून येऊन गेला. फाटकावरचा कागद उन्हानं आपोआप गळून पडला.

मला वाटलं होतं, काकू उठतील तशी वर पुन्हा फोडणीची चरचर सुरू होईल आणि माझ्या पार्सलावर पहारा बसेल. तसं झालं नाही. त्या उठल्या, चालू लागल्या, पण ओट्यापाशी थोडा वेळ उभं राहिलं की त्यांना धाप लागे. डॉक्टर म्हणाले, काही महिने चालेल असं. काही महिने झाले. दम परत आला, पण काकू ओट्याकडे फिरकल्या नाहीत. एक दिवस त्यांनीच मला विचारलं, "त्या खानावळवाल्याचा नंबर द्या." मुलगा फोनवर चिडला. आई, बाबांना साखर आहे, बाहेरचं कसलं देतेस? मी जिन्यातून जात होते, मला काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "तर तू येऊन करून घाल. मले आता कंटाळा आला."

मग त्या स्वतः जाऊन खानावळवाल्याशी भांडून आल्या. साहेबांच्या भाजीत तेल कमी, साखर बिलकूल नाही, पोळ्या पातळ. पातळ पोळ्यांचं त्यानं ऐकलं नाही म्हणे. बाकी मान्य केलं. तोवर माणसं पुन्हा आत बसून जेवायला लागली होती आणि त्याला घरोघरी पार्सल पोचवायला वेळ राहिला नव्हता, म्हणून काकाच संध्याकाळी फिरायला निघत आणि येताना डबा घेऊन येत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं.

मी आणखी वर्षभर अकोल्याला होते. मग अमरावतीला बदली मिळाली. इथं आल्यावर स्वयंपाकघर पुन्हा गळ्यात पडलं. नवऱ्यानं खिचडीपलीकडे प्रगती केली नव्हती, आणि मी आले म्हटल्यावर तीही सोडून दिली. मुलगी मदत करते. सासूबाई बसल्या बसल्या भाजी निवडतात. बँक तीच. थकवा थोडा कमी झालाय, पण गेलेला नाही. तो त्या वर्षांचा आहे की वयाचा, हे मला सांगता येत नाही. सकाळी कणीक मळताना कधी कधी हात थांबतात आणि मी तशीच उभी राहते. मग कोणीतरी विचारतं, काय झालं, आणि मी पुन्हा मळायला लागते.

महिन्या-दोन महिन्यांनी काकूंना फोन करते. काकांची तब्येत, भाचीला मुलगा झाला, कुलरचं पाणी, असं बोलणं होतं. परवा संध्याकाळी लावला. मी एका हातानं भाजी परतत होते.

"काय करून राहिल्या मॅडम?"

"स्वयंपाक. तुम्ही काय केलं आज?"

"काई नाई केलं," काकू म्हणाल्या. मग काकांना हाक मारून त्यांनी कुलर बंद करायला लावला, म्हणजे माझा आवाज नीट ऐकू येईल, आणि निवांत बोलत बसल्या.